बर्फ वितळल्यावर कॅटफिश : मे महिन्याची वाट पाहू नका

प्रश्न : ताई, नमस्कार. आम्ही अमेरिकेतल्या आयोवा राज्यात, अँकेनी गावात राहतो. गेल्या उन्हाळ्यात शेजारच्या आजोबांबरोबर रात्री सेलरव्हिल तलावावर जाऊन कोंबडीच्या कलेजीवर चॅनेल कॅटफिश पकडले आणि नादच लागला. यंदा मार्चमध्ये बर्फ वितळल्याबरोबर मी आणि माझा ९ वर्षांचा मुलगा गेलो. वारा बोचत होता म्हणून आडोशाची जागा धरली, खोल पाण्यात लांबवर गळ फेकला, आमिष तेच. दुपारभर काही शिवलंसुद्धा नाही. आजोबा म्हणतात, मे उजाडून पाणी तापेपर्यंत कॅटफिश तोंड उघडत नाही. खरंच थांबायचं का? शिवाय या माशाचे काटे विषारी असतात म्हणे, मुलाला हाताळू द्यावा का? आणि घरी आणला तर करायचा कसा?
— एक वाचक

उत्तर : अजिबात थांबू नका. बर्फ गेल्यानंतरचे हे काही आठवडे मला उन्हाळ्याहून जास्त आवडतात. पाणी ४० ते ५० फॅरनहाइट, म्हणजे साधारण ४ ते १० सेल्सिअस असताना चॅनेल कॅटफिश इथे भरपूर खातो. फक्त तो उन्हाळ्यातल्या जागी नसतो आणि उन्हाळ्यातलं खाणं शोधत नसतो. तुम्ही धरलेला आडोसा, खोल पाणी आणि कलेजी, तिन्ही जून-जुलैची. मार्चचं गणित वेगळं आहे आणि ते सगळं एका दुसऱ्याच माशावर अवलंबून आहे.

तो मासा म्हणजे गिझर्ड शॅड. चंदेरी, चपटा, आपल्या पाला (हिल्सा) माशाच्या नात्यातला. सेलरव्हिल, रेड रॉक, रॅथबन, कोरलव्हिल या आयोवातल्या धरणांच्या जलाशयांत तो आहे. त्याला थंडी सोसत नाही. हिवाळ्यात पाणी अगदी गार झालं की विशेषतः लहान शॅड मोठ्या संख्येने मरतात आणि बर्फाखाली अडकून राहतात. बर्फ फुटलं की हे मेलेले मासे मोकळे होतात आणि वारा त्यांना ढकलत एका काठाला आणून लावतो. हिवाळाभर जेमतेम खाल्लेल्या कॅटफिशला मऊ पडलेलं, पाठलाग न करता मिळणारं अन्न तिथे आयतं मिळतं. गार पाण्यात त्याचं अंग सुस्त असतं, पण अन्न तोंडाशी आलं तर तो सोडत नाही.

म्हणून वारा ज्या काठावर आदळतो, त्या काठावर उभं राहायचं. फक्त आजचा वारा बघू नका. गेले दोन-तीन दिवस तो कुठून वाहत होता ते हवामानाच्या अ‍ॅपवर पाहा. दक्षिणेचा असेल तर उत्तर किनारा धरा. त्या काठावर दुपारचं ऊनही चांगलं लागतं आणि उथळ पाणी थोडं आधी तापतं, त्यामुळे दुहेरी फायदा. पोहोचल्यावर लगेच गळ टाकू नका, आधी काठाने चाला. दगडांच्या सांदीत फेस, काटक्या, मक्याच्या धाटांचे तुकडे साचलेले दिसतील. त्या कचऱ्यात पांढरी पोटं उलटी करून पडलेले बोटभर-वीतभर शॅड दिसले की जागा सापडली. सीगल एकाच टोकाला घिरट्या घालत असतील तर तिकडेच जा, ते आपल्याआधी पोहोचलेले असतात. मालवणला खाडीवर गरवायला जायचो तेव्हा काका आधी पक्षी बघायचे, मग पाणी. इथेही मी तेच करते.

आमिष शॅडचंच हवं. बेटशॉपमध्ये गोठवलेला मिळतो. छोटा असेल तर अख्खा, मोठा असेल तर दोन इंचांचे तुकडे, पोटाकडचा भाग आधी वापरा. फार मऊ झाला असेल तर शिवणाच्या दोऱ्याने गळाला दोन वेढे द्या, नाहीतर फेकतानाच निसटतो. कॅटफिशच्या मिशांवरच नव्हे, सगळ्या अंगावर चव ओळखणारी केंद्रं असतात. पण गार पाण्यात वास सावकाश पसरतो आणि मासाही वासामागे लांब येत नाही. उग्र वासाच्या डब्यातल्या आमिषांवर म्हणूनच आत्ता पैसे घालवू नका, ती उन्हाळ्यात कामाला येतील.

मांडणी साधी ठेवा. तंगूस, म्हणजे गळाचा नायलॉनचा दोरा, १२ ते १५ पौंडांचा ताण सोसणारा, त्यावर सरकतं शिसं, खाली फूटभर अंतरावर सर्कल हुक, म्हणजे टोक आत वळलेला गळ. आणि लांब फेकू नका! मासे तीन-चार फूट पाण्यात, कधी त्याहूनही उथळ, दगडांना लागून असतात. तुमचा गळ बहुधा त्यांच्या डोक्यावरून पार पुढे पडत होता. वीस मिनिटं काही नाही झालं तर काठाने थोडं सरका.

उन्हाळ्यात हा मासा रॉड ओढून नेतो, तसं आत्ता होणार नाही. टोक बारीक थरथरतं, थांबतं, पुन्हा थरथरतं. कधी ताणलेला तंगूस नुसता सैल पडतो, म्हणजे मासा आमिष घेऊन तुमच्याच दिशेने निघालेला असतो. झटका मारायचा मोह आवरा. टोक वाकून वाकलेलंच राहिलं की रीळ संथपणे फिरवा, सर्कल हुक आपोआप जबड्याच्या कोपऱ्यात बसतो. मुलांना हे मोठ्यांपेक्षा लवकर जमतं, तेव्हा रॉड त्याच्या हातात द्या.

आता काटे. मिशा निरुपद्रवी आहेत, त्यांना घाबरायचं कारण नाही. काटे तीन : एक पाठीच्या पराला, दोन छातीच्या परांना. मासा ते ताठ करून अडकवून ठेवतो आणि त्यांच्या आवरणात सौम्य विष असतं. लहान माशाचे काटे जास्त टोकदार असतात, हे मुलाला आवर्जून सांगा. तळवा पोटाखालून न्या, अंगठा एका बाजूला आणि बोटं दुसऱ्या बाजूला छातीच्या काट्यांच्या मागे धरा, म्हणजे काटा हाताला लागत नाही. पहिले काही मासे तुम्ही धरा, त्याला बघू द्या. टोचलाच तर जखम धुऊन सोसवेल इतक्या गरम पाण्यात हात बुडवून ठेवा, वेदना उतरते. सूज वाढली किंवा काट्याचा तुकडा आत राहिलाय असं वाटलं तर डॉक्टरकडे जा.

काट्यांपेक्षा मला जास्त काळजी पाण्याची आहे. इतक्या गार पाण्यात पडल्यावर श्वास कोंडतो आणि काही मिनिटांत हातपाय ऐकेनासे होतात. दगड शेवाळाने निसरडे असतात. मुलाच्या अंगात लाइफ जॅकेट हवंच, तुमच्याही, काठावरून गरवत असलात तरी. उरलेल्या बर्फावर पाय ठेवायचा नाही. परवाना १६ वर्षांपासून लागतो, तेव्हा तुमचा काढा आणि दिवसाला किती मासे ठेवता येतात ते चालू वर्षाच्या नियमांत पाहून घ्या. त्या पाण्यातल्या माशांबद्दल खाण्याविषयी काही सूचना असेल तर तीही तिथेच कळेल.

खायला दीड-दोन पौंडांचे ठेवा, मोठे सोडून द्या. ते बऱ्याच वर्षांनी तेवढे झालेले असतात आणि चवीलाही लहानच सरस. खवले नसतात, कातडी मात्र चिवट. डोक्यामागे चीर देऊन पकडीने ओढून काढा. मग तुकड्यांच्या कडेचं लालसर-काळपट मांस कापून टाका. चिखलट वास बराचसा त्यातच असतो आणि लोक नेमकं तेच ठेवतात. पांढऱ्या तुकड्यांना मीठ, हळद, तिखट, आलं-लसूण आणि कोकमाचं आगळ लावून अर्धा तास ठेवा, रव्यात घोळवून मध्यम आचेवर तळा. आमटी करणार असाल तर मसाला जरा चढा घाला, मांस मऊ असतं, फार ढवळू नका. शेजारच्या आजोबांनाही ताटात दोन तुकडे वाढा आणि पुढच्या वाऱ्याला त्यांना बरोबर घेऊन जा.