कर्लला ‘-के’ लावून काम भागवावे का?

तुमचा प्रश्न असा आहे की, संकेतस्थळ ब्राउझरमध्ये बिनतक्रार उघडते, मात्र दुसऱ्या लिनक्स सर्व्हरवरून कर्ल (आज्ञा देऊन वेबवर माहितीची देवाणघेवाण करणारे साधन) चालवले की ‘अनेबल टू गेट लोकल इश्युअर सर्टिफिकेट’ (सर्टिफिकेट देणाऱ्याचे सर्टिफिकेट सापडत नाही) हा दोष येतो, तेव्हा तूर्त ‘-के’, म्हणजे सर्टिफिकेटची पडताळणी बंद करणारा पर्याय, लावून वेळ मारून न्यावी का. नेऊ नये. हेच मी काही वर्षांपूर्वी माझ्या वरिष्ठांना सांगितले होते आणि त्यांनी ते हसण्यावारी नेले होते, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आमच्याकडे रोज रात्री एका सर्व्हरवरच्या नोंदी दुसऱ्यावर पाठवणारी स्क्रिप्ट होती आणि तिला नेमका हाच दोष येत होता. वरिष्ठांचे म्हणणे असे की, ब्राउझरला चालते त्याअर्थी सर्टिफिकेट ठीक आहे, कर्लच फाजील चिकित्सा करते. ‘-के’ लावा, तात्पुरते. नोकरी नवी होती, मी लावले. घरी जाण्यापूर्वी मात्र सर्व्हर कोणती सर्टिफिकेटे पाठवतो हे दाखवणाऱ्या ‘ओपनएसएसएल एस_क्लायंट’ या आज्ञेला ‘-शोसर्ट्स’ जोडून पाहिले, तर ‘बिगिन सर्टिफिकेट’ ही ओळ एकदाच आली. ती किमान दोनदा यायला हवी होती. एनजिनएक्स या वेब सर्व्हरच्या सेटिंगमध्ये ‘एसएसएल_सर्टिफिकेट’पुढे ‘फुलचेन.पेम’ (सर्टिफिकेटांची साखळी असलेली फाइल) ऐवजी ‘सर्ट.पेम’ (फक्त आपले सर्टिफिकेट) लिहिलेले होते, त्यामुळे आपले सर्टिफिकेट आणि मूळ प्राधिकरण (सर्टिफिकेट देणारी संस्था) यांच्यामधली कडी सर्व्हर देतच नव्हता. ब्राउझर ती कडी बहुधा स्वतः मिळवतात किंवा आधीपासून जवळ बाळगतात; लिनक्सवरचे कर्ल सहसा तसे करत नाही. दुसऱ्या दिवशी सेटिंगमधले फाइलचे नाव बदलले आणि दोष गेला, पण ‘-के’ काढण्याचा विषय निघाला की ‘चालते आहे ना, मग हात कशाला लावता’ हे उत्तर ठरलेले असे.

आठ महिन्यांनी सर्व्हर हलवताना डीएनएसची (नावावरून यंत्राचा पत्ता सांगणाऱ्या यंत्रणेची) नोंद चुकून चाचणीच्या यंत्राकडे वळली, ज्यावर स्वतःच सही केलेले सर्टिफिकेट होते. स्क्रिप्टने चार रात्री पासवर्डसकट सगळा माल तिकडे ओतला आणि दर वेळी लॉगमध्ये ‘यशस्वी’ असे लिहिले. जोडणी एनक्रिप्टेड होतीच, फक्त भलत्या यंत्राशी होती. बैठकीत खापर डीएनएस बदलणाऱ्याच्या डोक्यावर फुटले. पडताळणी चालू असती तर स्क्रिप्ट पहिल्याच रात्री अडली असती, हे मी तेव्हा बोललो नाही.

तुमच्याकडेही बहुतेक कडीच गहाळ असेल. वेब सर्व्हर अपाचे २.४.८ किंवा त्यापुढचा असल्यास ‘एसएसएलसर्टिफिकेटफाइल’मध्येच फुलचेन देता येते. बदलानंतर सर्व्हर रीलोड करा. सर्टबॉट (सर्टिफिकेटचे आपोआप नूतनीकरण करणारे साधन) डिस्कवरची फाइल बदलतो, पण एनजिनएक्स जुनेच सर्टिफिकेट स्मृतीत धरून बसते, म्हणून रीलोडची आज्ञा सर्टबॉटच्या ‘डिप्लॉय-हुक’मध्ये (नूतनीकरणानंतर आपोआप चालणाऱ्या आज्ञेच्या जागी) टाका. सार्वजनिक सर्टिफिकेटची कमाल मुदत १५ मार्च २०२९ पासून ४७ दिवसांवर येणार आहे, तेव्हा हे हाताने करत बसणे परवडणार नाही.

दोन अपवाद मात्र आहेत. यंत्र फार जुने असेल, तर दोष तुमच्या सर्व्हरचा नसून त्या यंत्रावरील मूळ सर्टिफिकेटांच्या संचाचा असू शकतो; ३० सप्टेंबर २०२१ रोजी ‘डीएसटी रूट सीए एक्स३’ या मूळ सर्टिफिकेटची मुदत संपली, तेव्हा ओपनएसएसएल १.०.२ वापरणारी कितीतरी यंत्रे अशीच अडली होती. आणि प्राधिकरण तुमचे स्वतःचे असेल, तर त्याची फाइल ‘--सीएसर्ट’ने द्या. वरिष्ठांनी तरीही ‘-के, तात्पुरते’ म्हटलेच, तर ते कोणत्या तारखेला काढायचे हे ईमेलवर लिहून मागा. मी मागितले नव्हते.