कार्प जातीचे मोठे मासे गरवायच्या रॉडवर लिहिलेले ३.५ पौंड म्हणजे काय? पवई तलावातल्या कटला माशाला तो रॉड पुरेल का?

तुमचा हिशोब असा आहे: ३.५ पौंड म्हणजे जेमतेम १ किलो ६०० ग्रॅम, मग आठ किलोचा कटला लागला तर रॉड मोडेल, म्हणून ५ पौंडांचा शोधावा. शोधू नका. तो आकडा माशाच्या वजनाचा नाहीच. मीही सुरुवातीला हेच समजून चाललो होतो आणि चुकीचा रॉड घेऊन बसलो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

या आकड्याला टेस्ट कर्व्ह म्हणतात. रॉडची मूठ आडवी पक्की बांधायची, लाइन म्हणजे गळाचा दोरा रॉडवरच्या सगळ्या कड्यांमधून (गाईडमधून) ओवायची आणि तिच्या टोकाला वजन लटकवायचं. ज्या वजनाला रॉडचं टोक वाकून थेट जमिनीकडे बघायला लागतं, म्हणजे मुठीशी काटकोन होतो, तेवढा त्याचा टेस्ट कर्व्ह. घरीही करून बघता येतं. पिशवीत पाण्याच्या बाटल्या ठेवा, लिटरभर पाण्याचं एक किलो धरा. ३ पौंडांच्या रॉडला साधारण १ किलो ३६० ग्रॅम लागतात, २.७५ च्या रॉडला सव्वा किलो.

मासा पाण्यात असतो तेव्हा त्याचं वजन पाणीच पेलतं. रॉडवर येते ती फक्त त्याची ओढ, आणि ती फार वाढली की रिळाचा ड्रॅग, म्हणजे त्याचा ब्रेक, लाइन सोडतो. १९५२ मध्ये इंग्लंडच्या रेडमायर तळ्यात रिचर्ड वॉकर यांनी ४४ पौंडांचा, म्हणजे जवळजवळ २० किलोंचा कार्प काढला. रॉड होता त्यांनी स्वतः घडवलेला, बांबूच्या पट्ट्या चिकटवून केलेला ‘मार्क फोर’. त्याचा टेस्ट कर्व्ह होता दीड पौंडाच्या आसपास!

मग हा आकडा बघायचा कशासाठी? फेकीसाठी. ढोबळ नियम असा की जितके पौंड, तितके औंस वजन तो रॉड नीट फेकतो. एक औंस म्हणजे सुमारे २८ ग्रॅम. म्हणजे २.७५ चा रॉड ७८ ग्रॅम, ३ चा ८५, ३.५ चा ९९. इथे आपल्याकडची मंडळी हमखास फसतात, कारण ती फक्त शिसं मोजतात. आपण गळांच्या झुपक्यावर पेंड आणि पिठाचा गोळा थापतो, तो ओला असतो आणि चांगला जड असतो. ४० ग्रॅमचं शिसं आणि ६० ग्रॅमचा गोळा म्हणजे झाले की १०० ग्रॅम. म्हणून रॉड घेण्याआधी तुमचा नेहमीचा गोळा शिशासकट स्वयंपाकघरातल्या काट्यावर तोला. तुम्हाला कोणता रॉड हवा ते तिथेच कळेल.

माझा पहिला कार्प रॉड ३.५ चा होता आणि मी फेकत होतो जेमतेम ५० ग्रॅम. एवढ्याशा वजनाला तो वाकायचाच नाही, त्यामुळे फेक अर्ध्यात पडायची. त्याहून वाईट म्हणजे दोन चांगले रोहू काठाशी आणून गमावले. मासा काठाजवळ येऊन शेवटची उसळी मारतो तेव्हा बाहेर लाइन थोडी असते, तिचा ताण खाणारा लवचिकपणा उरत नाही. अशा वेळी रॉड वाकला नाही तर गळ मऊ ओठातून फाटून सुटतो. ते दोन रोहू अजून आठवतात.

पवईसाठी माझं मत विचाराल तर २.७५ किंवा ३ पौंड, लांबी १२ फूट. जलपर्णीच्या कडेला बसणार असाल तर ३ च घ्या, कारण तिथे मासा आत शिरण्याआधी वळवावा लागतो. ३.५ तेव्हाच, जेव्हा तुमचा गोळा खरोखर १०० ग्रॅमच्या घरात असेल किंवा फार लांब फेकायचं असेल. ब्रेडेड, म्हणजे विणलेली लाइन वापरत असाल तर अर्धा पौंड कमीच बरा, कारण ती नायलॉनसारखी ताणली जात नाही. खडकांवरून समुद्रात गरवायला वापरतात तो १००-२०० ग्रॅमचा रॉड इथे आणू नका.

लाइनसाठी जुना नियम आहे, टेस्ट कर्व्हच्या पाचपट. ३ पौंडांना १५ पौंडांची लाइन. ड्रॅग तिच्या ताकदीच्या पाव भागावर लावा, म्हणजे साधारण १ किलो ७०० ग्रॅमच्या ओढीला रीळ सुटायला हवं. स्प्रिंग काट्याने ओढून बघा.

आणखी एक गोष्ट टेस्ट कर्व्ह सांगत नाही: रॉड कुठून वाकतो. एकाच आकड्याचे दोन रॉड, एक फक्त टोकाला वाकणारा, दुसरा मधल्या भागापर्यंत. कटला-रोहूला मला दुसरा आवडतो. दुकानात टोक कुणाला तरी धरायला सांगून हळू ओढा, लगेच दिसेल.

रॉड मोडण्याची भीती असेल तर ती माशाची बाळगू नका. मासा पायाशी आलेला असताना रॉड डोक्यामागे उभा खेचला की टोकाचा तुकडा पडतो. मासा रॉडने उचलून काठावर घेतानाही हेच होतं, कारण पाण्याबाहेर आल्यावर मात्र त्याचं पूर्ण वजन रॉडवर येतं. ५ पौंडांच्या रॉडवर घालणार होतात त्या पैशांत लांब दांड्याची चांगली जाळी घ्या.