वृद्धाश्रमात साथ, गेट बंद; आणि वर सही मागतात

प्रश्न : माय जळगावजवळच्या एका खासगी वृद्धाश्रमात आहे. दरमहा आम्ही पैसे भरतो, पावती मात्र देणगीची मिळते. सध्या तिथे ताप-खोकल्याची साथ आहे. भेट बंद, विचारलं तर 'सरकारचा नियम आहे' एवढंच उत्तर. आता म्हणतात, 'काही झाल्यास संस्था जबाबदार नाही' असं लिहून द्या, नाहीतर मायला घेऊन जा. दाखल करताना सही भावाची होती, तो सुरतला असतो. काय करू? (एक भगिनी, पाचोरा)

उत्तर : ताई, साथीत काही दिवस भेटी थांबवणं गैर नाही. पण 'सरकारचा नियम' म्हणत असतील तर त्याची प्रत मागा. असे आदेश साथरोग अधिनियम, 1897 सारख्या कायद्याखाली निघतात आणि त्यांवर जावक क्रमांक, तारीख असते. प्रत दाखवत नसतील तर तो नियम संस्थेचाच समजा. भेट थांबवली म्हणून मायची तब्येत, औषधं, तपासणीचे रिपोर्ट झाकून ठेवता येत नाहीत. मायशी रोज व्हिडिओ कॉल करून द्या, असं लेखी मागा.

दुसरं काम आजच करा. तालुका आरोग्य अधिकाऱ्यांना अर्ज द्या, प्रत सहायक आयुक्त, समाजकल्याण यांना. किती जण आजारी, कधीपासून, एवढं लिहा, आरोप नकोत. पोच घेतल्याशिवाय कचेरीतून निघू नका. आरोग्य पथक आत गेलं की निम्मी लपवाछपवी आपोआप थांबते. सर्वोच्च न्यायालयाने 4 ऑगस्ट 2020 ला, कोरोनाच्या काळात, वृद्धाश्रमातल्या सेवकांना पीपीई किट द्या आणि तिथे निर्जंतुकीकरण करा, असे निर्देश दिले होते. अर्जात त्यांचा उल्लेख जरूर करा.

सहीचं म्हणाल तर तो कागद त्यांच्या निष्काळजीपणावर पांघरूण घालू शकत नाही. सही करावीच लागली तर खाली आपल्या हाताने लिहा : 'प्रत मिळाली, अटी मान्य नाहीत', आणि फोटो काढून ठेवा.

मायला घरी न्यायचं का, हे मायलाच विचारा. ती सज्ञान आहे. भावाच्या सहीने ती तिथे बांधली जात नाही. मात्र विलगीकरणाचा सरकारी आदेश असेल तर थांबावं लागेल. आणि ताप असताना हलवायचं तर आधी डॉक्टरांचं मत घ्या, तेही लेखी.

देणगीच्या पावतीची मला जास्त काळजी वाटते. उद्या ग्राहक आयोगात गेलात तर संस्था म्हणेल, सेवा मोफत होती, पैसे तर देणगी. तेव्हा व्यवस्थापकाचे 'या महिन्याचे पैसे पाठवा' असे व्हॉट्सॲप मेसेज आणि बँकेच्या नोंदी पुसू नका. दावा दोन वर्षांत करता येतो. संसर्ग पसरेल असा निष्काळजीपणा हा भारतीय न्याय संहितेच्या कलम 271 खाली गुन्हाही आहे, पण पोलिसांत जायची घाई नको. आधी आरोग्य खात्याचा अहवाल हाती येऊ द्या.

भावाने पुढे पैसे थांबवले तर 2007 च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याखाली प्रांतांकडे (उपविभागीय अधिकाऱ्यांकडे) मायच्या नावाने निर्वाहखर्चासाठी अर्ज करा. तिथे वकील लागत नाही. तातडीची अडचण आली तर ज्येष्ठांची हेल्पलाइन आहे : 14567.