नळी छापू नकोस, सांधे छाप

भाऊ, थ्रीडी प्रिंटरवर छापायच्या दुर्बिणीचं तुझं डिझाइन पाहिलं. अख्खी एका फाइलीत बसवली आहेस, तिथेच घोळ आहे. तीन तुकडे कर: भिंगाचं घर, नळी, फोकसर (आयपीस मागेपुढे सरकवून चित्र स्पष्ट करणारा भाग). एक बिघडला तर तेवढाच पुन्हा छापायचा.

नळी तर छापूच नकोस. आपल्या जळगावात शेतीच्या पीव्हीसी पाइपचे तुकडे कुठेही मिळतात. ५० मिमीच्या भिंगाला ६३ मिमीचा पाइप घे. लक्षात ठेव, ६३ हा बाहेरचा व्यास. आतला प्रेशर क्लासप्रमाणे, म्हणजे पाइप किती दाब सोसतो त्याप्रमाणे, बदलतो. म्हणून सांधे बाहेरून बसणारे कर. आयपीसचं, म्हणजे डोळ्याकडच्या भिंगाचं, नळकांडं ३१.७५ मिमीचं असतं, फोकसरचं भोक ३२ ठेव. आधी नुसती ५ मिमी उंचीची कडी छापून माप बसतं का बघ, चार तास वाचतील.

आता मटेरियल. पीएलए हे छपाईचं नेहमीचं प्लास्टिक साठ अंशांच्या आसपास मऊ पडतं. मे महिन्यात बंद गाडीत काय होतं ते मी अनुभवलंय: भिंगाचं घर एका बाजूला बसलं आणि त्या रात्री गुरूचा धूमकेतू झाला! पीईटीजी हे दुसरं प्लास्टिक वापर, ते ऐंशीपर्यंत तग धरतं. आणि भिंग घट्ट आवळू नकोस, कागदाएवढी फट राहू दे, नाहीतर काचेवर ताण येऊन चांदण्या तिकोनी दिसतात.

आतून काळा मॅट रंग दे. काळं फिलामेंटही (छपाईची प्लास्टिकची तार) चकाकतं. सूर्याकडे मात्र चुकूनही रोखू नकोस.

जमलं की तारे बघायला तोरणमाळला जाऊ. भरीत माझ्याकडून.