क्वांटम तारेत फोनॉनमुळे रोध कसा निर्माण होतो?

क्वांटम तारेत, म्हणजे इलेक्ट्रॉन फक्त लांबीच्या दिशेनेच हलू शकेल इतक्या बारीक तारेत, त्याला पुढे आणि मागे अशा दोनच दिशा असतात, मग स्फटिकजालकाची कंपने (या कंपनांच्या ऊर्जापुंजांनाच फोनॉन म्हणतात) त्याला अडवतात तरी कशी, असे आपण विचारले आहे. या शंकेमागचा विचार अर्धा बरोबर आहे. जपानी संशोधक हिरोयुकी साकाकी यांनी १९८० साली दाखवून दिले होते की, अशा तारेत दिशा बदलायची तर इलेक्ट्रॉनला थेट माघारीच फिरावे लागते, त्यासाठी संवेगात मोठा बदल व्हावा लागतो, आणि अशुद्धींमुळे (स्फटिकातील परक्या अणूंमुळे) होणारे प्रकीर्णन, म्हणजे इलेक्ट्रॉनचे मार्गावरून विचलन, तेवढा बदल सहसा घडवू शकत नाही. मात्र हा युक्तिवाद अशुद्धींपुरता आहे. फोनॉन ऊर्जेचीही देवाणघेवाण करतात, त्यामुळे संवेग आणि ऊर्जा या दोन्हींचा हिशोब एकाच वेळी जुळावा लागतो.

धातुरूप कार्बन नॅनोनलिकेत (कार्बन अणूंच्या, धातूसारखी वीज वाहणाऱ्या अतिसूक्ष्म नळीत) हे फार स्वच्छपणे दिसते. तिच्यात इलेक्ट्रॉनचा वेग सेकंदाला सुमारे ८०० किलोमीटर, तर ध्वनीचा साधारण २० किलोमीटर असतो. म्हणून ध्वनिक फोनॉनशी (ध्वनिलहरीसारख्या कंपनांशी) टक्कर झाली तरी ऊर्जेत अगदी थोडाच फरक पडतो. ही आंतरक्रिया दुर्बळ असल्यामुळे खोलीच्या तापमानालाही माध्य मुक्त पथ (दोन टकरींमधले सरासरी अंतर) एक मायक्रोमीटरच्या आसपास राहतो. कमी व्होल्टतेला, कंपने इलेक्ट्रॉनला अडवू शकत नाहीत हे आपले म्हणणे जवळजवळ खरे ठरते ते यामुळेच.

व्होल्टता वाढवली की चित्र पालटते. सुमारे ०.१६ इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जेचा फोनॉन उत्सर्जित करण्याइतकी ऊर्जा विद्युत क्षेत्राकडून मिळेपर्यंत इलेक्ट्रॉन निर्वेध धावतो. ती मिळाली की काही दशक नॅनोमीटरांच्या आतच तो फोनॉन सोडतो आणि उलट फिरतो. परिणामी पुढे जाणाऱ्या आणि मागे येणाऱ्या इलेक्ट्रॉनांच्या ऊर्जापातळ्यांतील फरक ०.१६ इलेक्ट्रॉन-व्होल्टच्या पुढे जाऊ शकत नाही. नलिकेच्या चार वाहिन्या (इलेक्ट्रॉनांना जाण्याचे मार्ग) मिळून आदर्श रोध (एकही टक्कर न होता उरणारा किमान रोध) ६.४५ किलोओहम होतो, ०.१६ व्होल्टला त्याने भागले की सुमारे २५ मायक्रोअँपिअर हे उत्तर येते. झेन याओ, चार्ल्स केन आणि सेस डेकर यांनी २००० साली मोजलेला प्रवाह याच मूल्याकडे संपृक्त होताना (वाढ थांबून स्थिरावताना) दिसला. इतक्या साध्या हिशोबाने प्रयोगाचा आकडा हाती यावा, हे मला आजही या विषयातील सर्वांत सुंदर उदाहरण वाटते. नलिकेची लांबी उत्सर्जनाच्या अंतराइतकीच आखूड ठेवली, तर प्रवाह ही मर्यादा ओलांडतो.

गॅलियम आर्सेनाइडच्या तारांतही हीच यंत्रणा असते, फक्त तेथे प्रकाशीय फोनॉनची (शेजारचे अणू एकमेकांविरुद्ध हलतात अशा जास्त ऊर्जेच्या कंपनांची) ऊर्जा ०.०३६ इलेक्ट्रॉन-व्होल्ट असल्याने उंबरठा लवकर गाठला जातो.

एक गोष्ट मात्र पाठ्यपुस्तकी गणितातून निसटते. उत्सर्जित फोनॉन लगेच नाहीसे होत नाहीत. आधाराशिवाय लोंबकळत्या नलिकेत त्यांना ऊर्जा बाहेर टाकायला वाट कमी मिळते, ते साचतात, आणि व्होल्टता वाढवली असता प्रवाह वाढण्याऐवजी घटतो. म्हणून फोनॉन खोलीच्या तापमानाशी समतोलात आहेत असे आपल्या गणितात धरण्यापूर्वी तार पृष्ठभागावर टेकलेली आहे की अधांतरी, हे निश्चित करून घ्यावे.