कापलेलं जातं कुठे?

प्रश्न असा आहे : सिनेमातून कापलेली दृश्यं आणि गाण्यांचे न वापरलेले टेक पुढे जातात कुठे? असिस्टंट लोक फेकून देतात का?

असिस्टंट नाही हो. उरलेली निगेटिव्ह लॅबमध्ये पडून राहायची, निर्माता भाडं थकवायचा, मग डबे भंगारात. भंगारवाल्याचा डोळा फिल्ममधल्या चांदीवर. ऑर्सन वेल्सच्या ‘द मॅग्निफिसंट अँबरसन्स’मधून (१९४२) कापलेली चाळीसहून जास्त मिनिटं तर स्टुडिओनेच नष्ट केली. उलट ‘शोले’चा मूळ शेवट, ठाकूर गब्बरला मारतो तो, सेन्सॉरमुळे बदलावा लागला, पण फिल्म शिल्लक होती म्हणून पुढे लोकांना बघायला मिळाला. गाण्यांचं आणखी वाईट. टेप महाग, म्हणून जुन्यावरच नवं रेकॉर्डिंग.

आता ‘असिस्टंट’चं. नव्वदीच्या सुरुवातीला मी स्टीनबेकवर, म्हणजे फिल्म बघत कापायच्या टेबलावर, एडिटरचा असिस्टंट होतो. ३५ मिमी फिल्मच्या एका फुटात १६ फ्रेम, आणि तुकडा कुठला ते ओळखायचा कडेचा नंबर फुटाला एकदाच. त्याहून लहान तुकड्यावर नंबर येईलच असं नाही. पेन्सिलीची खूण न करता तो बिनमध्ये, म्हणजे कापलेल्या पट्ट्या लटकवायच्या पेटीत, टांगला की गेलाच. आमच्या दादांनी, म्हणजे एडिटरनी, एका क्लोजअपच्या शेवटच्या १४ फ्रेम उडवल्या. अर्ध्या सेकंदाहून किंचित जास्त. बाईची पापणी मिटते, एवढंच त्यात. दोन दिवसांनी त्यांनाच त्या परत हव्या झाल्या.

‘‘तूच टाकलास.’’

रात्रभर मी एकेक पट्टी दिव्यासमोर धरली, केराची पिशवी उपसली. माझ्या वहीत स्वच्छ लिहिलेलं : ‘१४ फ्रेम, दादांकडे.’ पण वही बघतंय कोण! चौथ्या दिवशी वहिनींनी तुकडा पाठवला. शर्ट धुवायला टाकताना खिशात सापडला म्हणे. दादा म्हणाले, ‘‘चल, जोड.’’ बस्स.

म्हणून सांगतो, आता फिल्म जाऊन हार्ड डिस्क आली असली तरी वही ठेवा. कोणी काय नेलं, तारखेसकट. आणि नेणारा कितीही मोठा असो, सही घ्या. नाव न लिहिलेली डिस्क म्हणजे नंबर नसलेला तुकडाच.

बाकी कापलेलं सगळं सोनं असतं असंही नाही, बरंचसं कापायच्याच लायकीचं असतं. त्या १४ फ्रेमही शेवटच्या कटात पुन्हा उडाल्या. तेव्हा मात्र मी वही पुढे केली आणि दादांची सही घेतली.