कुटुंबाची शेती तिसऱ्या पिढीत वाढवायची आहे, लोन काढून अजून जमीन घ्यावी का?

तुम्ही लिहिलंय की वडील नको म्हणतात आणि तुम्हाला लोन काढून अजून वीस बीघे घ्यायचेत. नका घेऊ. वडील बरोबर आहेत. हा प्रश्न आमच्या घरात इतकी वर्षं भांडणाचा विषय आहे की उत्तर लिहिल्याशिवाय राहवलं नाही.

आमचं घर इंदूरला रामबागेत, जमीन सांवेरकडे. आजोबांच्या वेळी माळव्यात पावसाळ्यात बरीच काळी जमीन पडीकच असायची, गहू-हरभरा काय तो हिवाळ्यात. मग सोयाबीन आलं आणि त्याच जमिनीतून दुसरं पीक निघायला लागलं, एकही बीघा न घेता. याला मी वाढ म्हणते. आमच्या काकांच्या मते मात्र वाढ म्हणजे बीघे, त्यामुळे शेजारचा तुकडा विकायला निघाला की हे बँकेत हजर.

आता मुद्द्याचं. आजोबांच्या काळापासून गावातले लोक सोयाबीनचं बियाणं आमच्याकडून न्यायचे. जेएस 335 ही सोयाबीनची जात आली 1994 मध्ये, तीही आम्ही बरीच वर्षं दिली. सोयाबीनचं परागीभवन आपल्याच फुलात होतं, म्हणून दोन-तीन वर्षं घरचं बियाणं आरामात चालतं. पण दाण्याची साल फार नाजूक. एका वर्षी ऐन काढणीत ढग भरून आले, काकांनी घाईघाईत थ्रेशर गव्हाच्या स्पीडवर चालवला, हम्मालांनी पोती आपटत आपटत पार छतापर्यंत थप्पी लावली. मी तेव्हा बीएस्सी अ‍ॅग्री करून घरीच होते. ओल्या बारदानात 100 दाणे गुंडाळून ठेवले, उगवले 58. निदान 70 तरी उगवायला हवेत. काका म्हणाले, त्यात काय एवढं, पेरताना दर एकरी थोडं जास्त टाका म्हणून सांगू. मी नाही म्हटलं. तर म्हणे, "तू उद्या लग्न होऊन जाशील, गावात तोंड मला दाखवायचंय." अहो, तोंड दाखवायचंय म्हणूनच तर विकायचं नाही ना! आजी माझ्या बाजूने बोलली आणि सगळा माल छावणी मंडीत दाणा म्हणून गेला, बियाण्याच्या भावाला मुकलो, आणि पुढची पेरणी होईपर्यंत काका माझ्याशी धड बोलले नाहीत.

पुढच्या हंगामापासून बियाण्याचा प्लॉट वेगळा ठेवला, थ्रेशर चारशे आरपीएमच्या आत, माल नीट वाळवायचा, चार पोत्यांच्या वर थप्पी नाही, आणि प्रत्येक लॉटवर किती उगवलं त्याची चिठ्ठी. कमी उगवलं तर तेही लिहायचं. आता मे महिन्यात आजूबाजूच्या गावांतून लोक स्वतः येतात. काकांनी कर्जावर घेतलेल्या तुकड्यांपेक्षा हे पोत्यांचं काम जास्त पैसे देतं, हिशेबाची वही माझ्याकडे आहे म्हणून सांगतेय. काका अजूनही याला नशीब म्हणतात.

तर तुमच्या घरी असं काय आहे ज्यासाठी लोक आधीपासून दाराशी येतात, ते बघा आणि पैसा तिथे लावा. बटाटा होत असेल तर महूजवळ कोदरियाला कच्च्या चिप्सचे कारखाने कसे चालतात ते एकदा बघून या. जमीन तुमच्या भागात स्वस्त असेल आणि पाणी पक्कं असेल तर गोष्ट वेगळी, तेवढं मान्य. आमच्याकडे बोअर दरवर्षी खाली चाललेत. आणि हो, 2001 च्या पीक वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायद्याने शेतकरी स्वतःचं बियाणं विकू शकतो पण ब्रँड लावून नाही, पॅकेट-बिकेट छापायच्या फंदात पडू नका.

अजून एक, तुम्ही विचारलं नाहीये तरी. बिझनेस वाढवायच्या आधी जमिनीची खाती बघा. आजोबांच्या नावावरच असेल तर सगळ्यांची नावं चढवून घ्या, वाटणी करायची तर आमच्या मध्य प्रदेशात भू-राजस्व संहितेच्या कलम 178 खाली तहसीलमध्ये करा. बहिणीचं नावही चढवा, 2005 पासून वडिलोपार्जित जमिनीत तिचा हक्क मुलाइतकाच आहे. आमच्याकडे पटवाऱ्यासमोर (म्हणजे तलाठ्यासमोर) काकांनी फक्त मुलांची नावं सांगितली होती, मी तिथेच बसले होते, माझं मीच सांगितलं.